गाडीचं तोंड

आमचं घराणं चार पिढ्या वाहनांवर पोसलेलं आहे. पणजोबा बडोदे संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते. फौज गेली, घोडा ओळखीचा राहिला, म्हणून आजोबा वरातीचे घोडे सजवायला लागले. पुढे नवरदेव मोटारीत बसू लागले, तसे बाबा मोटारी सजवायला लागले. बडोद्याच्या वाडी भागात त्यांचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी, चार बादल्या आणि वर ताडपत्री. पण बॉनेटवर झेंडूची जाळी बसवावी तर त्यांनीच, हे सगळी वाडी मान्य करते. चौथी पिढी मी. मी फुलांना हात लावत नाही. मी रेल्वेगाडी चालवते.

हे वाक्य मी इथे झटकन लिहिलं, पण बाबांच्या तोंडून ते वर्षानुवर्षं निघालं नव्हतं. कोणी विचारलं, मुलगी काय करते, तर म्हणायचे, रेल्वेत आहे. एवढं म्हणून लगेच दोरा तोडायला कात्री शोधायचे. मला सांगून आलेलं स्थळ असो की शेजारचा पानवाला, उत्तर तेच. एकदा मी मालगाडीवरून उतरून तशीच दुकानावर गेले होते. अकरा तास ड्यूटी झालेली, तोंडावर धूळ, खांद्यावर बॅग. एक जुनं गिऱ्हाईक उभं होतं. त्याने गुजरातीत विचारलं, दीकरी रेल्वेत म्हणजे तिकिटाच्या खिडकीवर का? बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, हा, तिकिटाच्या खिडकीवर.

माझं डोकं सणकलं. मुळात मी आमच्या घरातली तिखट. आई म्हणते, मला जन्मतः मिरची चाटवली असावी. रात्री जेवताना मी बाबांना धारेवर धरलं. खिडकीवर बसायचं असतं तर इतक्या परीक्षा कशाला दिल्या असत्या, डोळे तपासायला डॉक्टरपुढे किती वेळा उभी राहिले, हे सगळं ऐकवलं. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, सांगितलं की नजर लागते. आणि कुठे डबा घसरला की लोक मलाच विचारत बसतील. विषय संपला. त्यांच्याकडून संपला. मी मात्र मनात पक्कं धरून बसले की या माणसाला माझी लाज वाटते. मुलगी ऑफिसात पंख्याखाली बसते हे सांगायला बरं, इंजिनात बसते हे सांगायला नको. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी सोडून दिलं असतं. बाबांचं सोडून देता येईना.

मग मला मेमू मिळाली.

मेमू म्हणजे आपल्याकडच्या छोट्या पल्ल्याची विजेची गाडी. हिला वेगळं इंजिन नसतं. दोन्ही टोकांना चालवायची केबिन असते आणि दोन्ही केबिनी अगदी सारख्या, जुळ्या बहिणींसारख्या. जाताना ड्रायव्हर एका टोकाला आणि गार्ड दुसऱ्या टोकाला. मुक्कामाला पोचलं की दोघं प्लॅटफॉर्मवरून चालत जातात आणि जागा बदलतात. इंजिन सोडा, फिरवा, पुन्हा जोडा, ही भानगडच नाही. कागदोपत्री आम्हाला आता लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण चहाच्या टपरीवर आम्ही ड्रायव्हर आणि गार्डच आहोत.

मालगाडीवर मी बरीच वर्षं काढली होती. मालगाडीला वाट पाहणारं कोणी नसतं. तिला कुठेही बाजूला उभी करतात, आणि तासन् तास कोळशाच्या राशींबरोबर आपणही उभे. मेमूचं तसं नाही. तिच्यासाठी माणसं प्लॅटफॉर्मवर उभी असतात, ती दिसली की डबे उचलतात, पोरांना ओढतात. मला हेच हवं होतं. गाडी शिकून झाली, रस्ता शिकून झाला, शेजारी बसून चुका काढणाऱ्या साहेबांनी सही दिली. पहिल्यांदा एकटीने गाडी न्यायची ती प्रतापनगर ते एकतानगर. दिवस आला नेमका दसऱ्याचा.

मी बाबांना सांगितलं, "दसऱ्याला सकाळी प्रतापनगरला या. मी पुढच्या टोकाला असेन."

त्यांनी हार ओवता ओवता मान वर केली आणि वेड्याकडे बघावं तसं बघितलं. त्यांचंही बरोबर होतं. दसऱ्याला बडोद्यात चाक असलेल्या प्रत्येक वस्तूला हार लागतो. फूलवाल्याने त्या सकाळी दुकान सोडणं म्हणजे शेतकऱ्याने पेरणीच्या दिवशी सिनेमाला जाणं. मला कळत होतं, तरी मी विचारलं. खरं सांगायचं तर म्हणूनच विचारलं. कामाच्या दिवशी जो येतो तो खरा, असं काहीतरी माझ्या डोक्याने घेतलं होतं.

"बघू," बाबा म्हणाले. आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी उठले तेव्हा बाबा फुलबाजारात गेलेले होते. आईने हातावर दही घातलं आणि मला दारापर्यंत सोडायलाही आली नाही, तिलाही कुठे तरी निघायची घाई दिसत होती. मी चडफडत स्कूटी काढली. मांजलपूरहून प्रतापनगरपर्यंत प्रत्येक कोपऱ्यावर फाफडा-जिलेबीच्या रांगा लागल्या होत्या. नऊ रात्री गरबा खेळून अर्धं शहर डुलत उभं होतं. मी मात्र अशी टक्क जागी होते की स्कूटीचा हॉर्न गरज नसलेल्या ठिकाणीही वाजवत होते.

हजेरी लावली, यंत्रात फुंकर मारून दारू न प्यायल्याचं सिद्ध केलं, चावी घेतली. गाडी उभी होती. मी पुढच्या केबिनमध्ये चढले, सगळे ब्रेक तपासले, दिवे तपासले, काच माझ्या ओढणीने पुसली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि प्लॅटफॉर्म बघत राहिले. चांदोदला नदीवर जाणाऱ्या बायका डबे घेऊन चालल्या होत्या. एका आजोबांच्या हातात पिशवी दिसली आणि मला उगीचच बाबा वाटले. ते नव्हते. वेळ झाली तसा माझ्या हातातल्या वॉकीटॉकीवर गार्डचा आवाज आला. हा गार्ड वयाने मोठा, डभोईकडचा गुजराती माणूस, एरवी मोजकं बोलणारा. त्या दिवशी त्याचा आवाज असा काही फुललेला होता, जणू त्याच्याच घरी लग्न आहे.

"चालो बेन," तो म्हणाला, "सरस मुहूर्त छे."

मला त्याचा रागच आला. एवढं आनंदायला काय झालं याला? मी शेवटचं एकदा प्लॅटफॉर्मकडे बघितलं. मग समोर बघितलं. सिग्नल हिरवा होता.

आमच्यात सिग्नल दिसला की तो मोठ्याने पुकारायचा असतो, हात वर करून. शेजारी सहायक असला की तो ऐकतो, पुन्हा म्हणतो. मेमूत ड्रायव्हर एकटाच, तरी पुकारायचा. रिकाम्या केबिनमध्ये मी हात उंच केला आणि ओरडले, "हरा!" आणि हँडल पुढे ढकललं.

गाडी हलली. माझ्या हाताने हलली. मालगाडी निघते तेव्हा आधी कुरकुरते, मग झटके देते, मग मेहेरबानी केल्यासारखी सरकते. ही तशी नव्हती. ही म्हणाली, चल. रूळ पायाखालून सरकायला लागले, मग पळायला लागले, आणि मी एकटीच मोठ्याने हसले. शहराची शेवटची घरं मागे पडली. दोन्ही बाजूंना कापूस, एरंडी, तुरीची शेतं. बगळे रुळावरून उठायचे ते अगदी शेवटच्या क्षणी, माझी परीक्षा घेतल्यासारखे. फाटकाच्या आधी सी आणि फा, म्हणजे सीटी आणि फाटक, लिहिलेली पिवळी पाटी येते, तिथून हॉर्न द्यायचा. मी प्रत्येक पाटीला असा लांबलचक हॉर्न दिला की फाटकावरच्या म्हशींनीही माना वळवल्या असतील.

आणि फाटकांवर थांबलेली ती वाहनं! रिक्षाला हार, ट्रॅक्टरला हार, दुधवाल्याच्या मोटारसायकलला हार, एका पोराच्या तीनचाकी सायकललाही झेंडूची माळ. मी सगळ्यांसमोरून धाडधाड जात होते, एवढी मोठी गाडी घेऊन, आणि माझ्या गाडीच्या तोंडावर एक पाकळी नव्हती. फूलवाल्याची मुलगी आणि गाडी बोडकी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. डोळ्यांत पाणी आलं तर पुसायचीही पंचाईत, कारण हँडलवरचा हात उचलला की गाडी आपोआप ब्रेक लावते. ड्रायव्हर झोपला किंवा मेला असं समजते. दुसऱ्या हाताने डोळे पुसले आणि पुढचा सिग्नल पुकारला. हिरवाच होता.

रडणं आणि हसणं दोन्ही एकाच वेळी चालू राहिलं ते थेट चांदोदपर्यंत. डभोईला गाडी अगदी जागेवर थांबवली, इंचभर पुढे नाही, मागे नाही, आणि स्वतःलाच शाबासकी दिली. चांदोदनंतर ओरसंग नदीचा पूल येतो. खाली वाळू, मधून पाण्याची निळी पट्टी, आणि वर मी. पुलावर गाडीचा आवाज बदलतो, पोकळ आणि मोठा होतो. त्या क्षणी मला वाटलं, कोणी नाही आलं तर नाही आलं. हे माझं आहे. असं मी तीनदा म्हटलं. तीनदा म्हणावं लागलं यावरूनच काय ते समजा.

एकतानगरला गाडी थांबली. मी चावी काढली, बॅग खांद्याला लावली, केबिन बंद केली आणि दुसऱ्या टोकाकडे चालायला लागले. समोरून गार्ड येत होता, जागा बदलायला. प्लॅटफॉर्मच्या मध्यावर आमची गाठ पडली. त्याचं तोंड हसून हसून लाल झालं होतं. हातातले झेंडे बगलेत मारून तो मला थांबवून म्हणाला, बेन, आधी ऐक.

त्याने सांगितलं ते असं. प्रतापनगरला गाडी सुटायच्या आधी एक काका दोन मोठे करंडे घेऊन धापा टाकत आले. स्टेशनात शिरल्यावर जे टोक आधी दिसलं तेच गाडीचं तोंड, असं त्यांनी ठरवून टाकलं. गार्डकडे त्यांनी दसऱ्याची पूजा करायची परवानगी मागितली. सणाचा दिवस, गार्डने दिली, फक्त दिवे झाकू नका म्हणाला. वरच्या विजेच्या तारांमुळे काकांना चढू दिलं नाही. स्टेशनचा एक माणूस खाली उतरून हार लावत होता आणि काका प्लॅटफॉर्मवरून त्याला हुकूम सोडत होते, डावीकडे घे, ढील दे, वर ओढ. गार्डला ते मागचं टोक आहे हे सांगायचं होतं. पण काका इतक्या भरवशाने कामाला लागले होते की त्याला सांगवेना. हार लावून झाल्यावर काका त्याच टोकाच्या डब्यात चढले आणि केबिनच्या भिंतीला पाठ लावून बसले. त्यांच्या हिशेबाने भिंतीपलीकडे त्यांची मुलगी येऊन बसणार होती.

मी गार्डचं मनगट धरलं होतं, हे मला नंतर कळलं.

मग गाडी सुटली, आणि काकांच्या दृष्टीने ती उलटी सुटली. गाडीचं तोंड एकीकडे आणि गाडी चालली दुसरीकडे. काकांचं धाबं दणाणलं. पहिल्याच दिवशी मुलीने गाडी मागे घातली! डबा भरलेला, बायका, पोरं, डबे, पिशव्या. आता लोक आरडाओरडा करणार, साहेबांकडे तक्रार जाणार, असं त्यांना वाटलं. ते उठून डब्याच्या मध्ये उभे राहिले. एका हाताने वरची कडी धरली, दुसरा हात जोडल्यासारखा छातीशी, आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाले:

"मारी दीकरी चलावे छे. पहेलो दिवस छे. एने कोई कंई कहेशो नहीं."

म्हणजे, माझी मुलगी चालवतेय, पहिला दिवस आहे, तिला कोणी काही बोलू नका. मग एका बाईने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं की काका, गाडी बरोबर चालली आहे, हार मागे लागलाय. त्यानंतर जो हशा पिकला तो केळणपूर येईपर्यंत थांबला नाही. केळणपूरला गार्डने डोकं बाहेर काढलं तेव्हा बायकांनीच त्याला हे सगळं सांगितलं. पुढे पूर्ण रस्ता त्या डब्यात फाफडा वाटला गेला, आणि काका प्रत्येक नव्या चढणाऱ्याला स्वतःहून सांगत होते की गाडी कोण चालवतंय.

मी गार्डचं पुढचं ऐकलं नाही. एवढी बॅग खांद्यावर घेऊन मी पळत सुटले. युनिफॉर्ममध्ये पळू नये म्हणतात, लोक घाबरतात. घाबरोत. शेवटचा डबा ओलांडला आणि समोर गाडीचं दुसरं तोंड आलं. काचेच्या खालून या टोकापासून त्या टोकापर्यंत केशरी आणि पिवळ्या झेंडूची जाळी, मध्ये आंब्याची पानं, दोन्ही बाजूंना आपट्याच्या डहाळ्या, आणि लाल दिवे अगदी जपून मोकळे सोडलेले. नवरदेवाची गाडीसुद्धा त्यांनी इतकी मन लावून कधी सजवली नव्हती. वाऱ्याने एक माळ अर्धी सुटली होती. बाबा वाकून तिच्याकडे बघत उभे होते, हातात तार.

मी आले हे त्यांना कळलं, पण त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, एवढी दूरची गाडी असेल असं वाटलं नव्हतं, नाहीतर जाड दोरा घेतला असता. मग म्हणाले, दुकानावर आई बसली आहे, तिला हाराचे भाव पाठ नाहीत, देवाला काळजी. मग म्हणाले, या गाडीचं तोंड कुठलं हे आधी सांगायला काय होतं तुला?

मी म्हटलं, सांगितलं होतं, पुढच्या टोकाला. त्यावर ते चिडले. पुढचं टोक काय कपाळावर लिहिलेलं असतं का, म्हणाले. घोड्याला एक तोंड, मोटारीला एक तोंड, हिलाच काय धाड भरली होती? आम्ही दोघं तिथे उभे राहून भांडलो, आणि मला इतका आनंद झाला होता की मला नीट भांडताही येत नव्हतं. बाबांना माझी लाज वाटत नव्हती. त्यांना भीती वाटत होती. इतकी वर्षं मी एकीला दुसरी समजून बसले होते, आणि ज्या भीतीपायी ते घरी गप्प बसले तीच भीती डब्यात त्यांना उभं करून बोलायला लावून गेली.

परतीला मात्र तोंड बरोबर बाजूला होतं. मी केबिनमध्ये, माझ्या काचेखाली झेंडू, आणि पाठीमागच्या भिंतीपलीकडे बाबा. केबिनमध्ये कोणाला घेता येत नाही, नियम आहे, त्यांनीही विचारलं नाही. मी हात वर करून सिग्नल पुकारला. पलीकडे ऐकू गेला की नाही कोण जाणे. पण पुढच्या सिग्नलला, अगदी खरं सांगते, भिंतीवर पलीकडून दोनदा टकटक झाली. मग प्रत्येक सिग्नलला झाली. फाटकावर थांबलेले लोक माझ्या गाडीकडे बघून हात हलवत होते. एका रिक्षावाल्याने स्वतःच्या रिक्षाच्या हाराकडे बघितलं आणि मग माझ्या गाडीकडे, आणि बिचारा खजील झाला. ओरसंगच्या पुलावर मी नियमापेक्षा जरा मोठाच हॉर्न दिला. द्यायला नको होता, दिला.

संध्याकाळी सोनं वाटून झालं. बाबा दुकानाचा उरलेला माल घरी घेऊन आले होते आणि पाय पसरून झेंडू निवडत बसले होते. दिवसभराच्या प्रकाराबद्दल त्यांनी आईला फक्त एवढंच सांगितलं की रेल्वेच्या कड्या फार गंजलेल्या असतात, दोरा कापतो. मी दुसऱ्या दिवशीची बॅग भरत होते.

"उद्या तुझी गाडी आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"तोंड कुठल्या बाजूला?"

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. म्हटलं, "बाबा, तिला दोन्हीकडे तोंड असतं. जाताना एक, येताना दुसरं."

त्यांनी करंड्यात उरलेल्या फुलांकडे बघितलं, थोडा वेळ मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि करंडा जवळ ओढला.

"मग दोन हार लागतील," ते म्हणाले.